काका, पाला तोडू नका!

थंडीत मुलुंड कॉलनीच्या बाजारात सलगम दिसतो. पांढरा कंद, वर जांभळी छटा. फाळणीनंतर तिथे वसलेल्या सिंधी-पंजाबी घरांना त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. गोबी-गाजर-सलगमचं गोड-आंबट लोणचं त्यांच्याकडे ठरलेलं. आपण मराठी पोरं मात्र ‘हा बीट की मुळा?’ म्हणत पुढे सटकतो.

डाएटच्या नावाखाली महागडं केल मागवणाऱ्यांनी हा घ्यावा, असं माझं स्पष्ट मत. 100 ग्रॅम कच्च्या सलगममध्ये साधारण 28 कॅलरी, बटाट्यात 77. पण खरा माल म्हणजे भाजीवाला तोडून फेकतो तो पाला! त्यात ‘क’ जीवनसत्त्व कंदाच्या जवळपास तिप्पट, शिवाय 100 ग्रॅमला 190 मिलिग्रॅम कॅल्शियम. हे कचऱ्यात जातं आणि आपण गोळ्या विकत घेतो.

करायचं काय? मुळ्याचं करतो तेच. पाला बारीक चिरा, लसूण-मिरचीची फोडणी, वर बेसन पेरा. कंद किसून दही आणि दाण्याचं कूट घातलं की कोशिंबीर. पीजीतल्या एका इंडक्शनवरही जमतं. फक्त कंदाची भाजी केलीत तर फार शिजवू नका. उग्र वास सुटतो आणि रूममेट दोन दिवस ऐकवतो.