बुरशीच्या साखरेवरचे आक्षेप

उसाच्या साखरेवर बुरशीच्या विकरांची प्रक्रिया करून फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, म्हणजे एफओएस, ही साखर करतात. बुरशी म्हटली की अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. ‘हे अनैसर्गिक’ म्हणणाऱ्यांनी ढोकळ्यात पडणारे लिंबूसत्त्व आठवावे. बाजारातले बहुतेक लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबातून येत नाही. शंभर वर्षांपासून ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून ते करून घेतले जाते. एफओएससाठीही हीच बुरशी किंवा तिच्या कुळातली दुसरी चालते. शिवाय एफओएस कांदा, लसूण, गहू, केळे यांत मुळातच असते.

‘साखरेपासून केली, म्हणजे साखरच,’ हा आक्षेप अधिक गंभीर आहे, पण तोही टिकत नाही. साखरेच्या रेणूत एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज असतो. विकर एका रेणूतला फ्रुक्टोज सोडवून दुसऱ्या रेणूला जोडते. त्यातून केस्टोज होते, पुढे निस्टोज. हे नवे बंध आपल्या लहान आतड्यात तुटत नाहीत. साखळी मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथल्या बायफिडोबॅक्टेरिया या उपकारक जीवाणूंचे खाद्य होते; म्हणूनच तिला ‘प्रीबायोटिक’ म्हणतात. जपानच्या मेइजी सैका कंपनीने १९८०च्या दशकातच हे उत्पादन बाजारात आणले.

समर्थकांचा ‘मधुमेह्यांनी निर्धास्त खावी’ हा दावा मात्र मला धोकादायक वाटतो. प्रत्येक जोडणीत एक ग्लुकोज सुटा होतो. तोच साचून विकराचे काम अडवतो, म्हणून साध्या प्रक्रियेत एफओएस ५५-६० टक्क्यांच्या आसपास अडकते. बाकीचा पाक म्हणजे ग्लुकोज आणि न बदललेली साखर! ग्लुकोज वेगळा काढून ९५ टक्के शुद्धता गाठता येते, पण खर्च वाढतो. गोडी साखरेच्या जेमतेम एक तृतीयांश, म्हणून जास्त घालण्याचा मोह होतो; पण हात सैल सोडला तर पोट फुगते, गॅस होतो. ज्यांचे आतडे नाजूक आहे त्यांना थोड्यानेही त्रास होतो.

तरीही ही साखर इथे व्हावी, असे मी ठामपणे म्हणतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने (सीएफटीआरआय) ॲस्परजिलस ओरायझी वापरून यावर संशोधन केले आहे, आणि कच्चा माल तर आपल्या कारखान्यांच्या गोदामांत पडून असतो. अट एकच: डब्यावर नुसते ‘प्रीबायोटिक’ लिहून चालणार नाही. आत एफओएस किती टक्के, ग्लुकोज किती आणि साखर किती, हे तिन्ही आकडे ठळक छापले पाहिजेत.