मनाची गाठ अंगात बसते

कांद्याचा भाव पडला की शिक्रापूर परिसरातल्या किती घरांत त्या रात्री मान आखडते, झोप उडते! काळजी मनाची, पण दुखते अंग. आपली भाषा हे कधीपासून जाणते. भीतीने पोटात गोळा येतो, दुःखात छातीवर दगड ठेवावा लागतो, रागाने माणूस दातओठ खातो.

व्हिएन्नाला शिकलेले डॉ. विल्हेल्म राइख (१८९७-१९५७) यांनी हे मनाच्या उपचारात आणले. दाबलेला राग, गिळलेले रडू स्नायूंत चिलखतासारखे घट्ट बसते, असे ते म्हणत. त्यांचे पुढचे काही दावे शास्त्राने मानले नाहीत. मात्र अमेरिकेच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या पुस्तकात सांगितलेली स्नायू सैल करण्याची रीत आजही वापरतात. ती घरी जमते.

रात्री कामे आटोपली की उताणे पडा. मुठी पाच-सात सेकंद आवळा, मग एकदम सोडा. अर्धा मिनिट तो सैलपणा अनुभवा. मग खांदे, जबडा, पोट, पाय असेच करा. दुखरी जागा मात्र ताणू नका. रडू आले तर येऊ द्या. पुरुषांनीही लाजू नये.

याने कर्ज फिटणार नाही. पण झोप लागली तर उद्याचा विचार नीट सुचेल.

छातीत दुखत असेल तर आधी डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटत असेल तर घरच्यांना सांगा आणि सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा. ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते.