विश्लेषण : पॅकेज ३१ हजार कोटींचे, शेतकऱ्याच्या खात्यात नेमके किती?

सप्टेंबर २०२५ मधील अतिवृष्टी आणि पुराने मराठवाड्यासह राज्याच्या मोठ्या भागातील खरीप हातचा गेला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. कोरडवाहू शेतकऱ्याला हेक्टरी १८,५०० रुपये मिळणार, असे सांगण्यात आले. मग अनेकांच्या खात्यात आधी जमा झालेली रक्कम त्याच्या निम्म्याहूनही कमी का?

१८,५०० रुपये कसे होतात?

हा आकडा दोन रकमांची बेरीज आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषानुसार पीकनुकसानीचे हेक्टरी ८,५०० आणि रब्बीच्या बियाणे-खतांसाठी राज्याचे स्वतंत्र १०,००० रुपये. हंगामी बागायतीसाठी मूळ दर १७,०००, तर बहुवार्षिक पिकांसाठी २२,५०० रुपये. दोन्ही रकमा एकत्र न येता वेगवेगळ्या येतात.

एका एकराला किती?

दर हेक्टरी आहे, हेक्टर म्हणजे अडीच एकर. एक एकर सोयाबीन गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पीकनुकसानीचे ३,४०० आणि रब्बीसाठी ४,००० असे ७,४०० रुपये मिळतात. केंद्राच्या निकषातील दोन हेक्टरची मर्यादा राज्याने तीनपर्यंत वाढवली. मात्र जानेवारी २०२४ च्या शासन निर्णयात कोरडवाहूचा दर १३,६०० होता. मे २०२५ मध्ये तो पुन्हा ८,५०० वर आणण्यात आला.

मग ३१ हजार कोटी कुठे?

ही सर्व रक्कम खात्यात येणारी नाही. १०,००० कोटी रस्ते, पूल, वीज अशा पायाभूत सुविधांसाठी आहेत. खरडून गेलेल्या जमिनीसाठी हेक्टरी ४७,००० रुपये रोख आहेत; त्यावरचे तीन लाखांपर्यंतचे काम रोजगार हमीतून होईल, असे जाहीर झाले होते. विम्याची रक्कमही पॅकेजच्या हिशेबात धरली आहे. पण खरीप २०२५ पासून विमा भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नावर ठरते. त्यामुळे ती उशिरा येते आणि सर्वांना सारखी मिळत नाही.

पैसे अडकतात कुठे?

३३ टक्के किंवा अधिक नुकसान झाले तरच मदत मिळते. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनामा करतात. त्यावरून तहसीलची यादी पोर्टलवर चढते आणि आधार जोडलेल्या खात्यात रक्कम जाते. सामाईक सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची संमती नसणे, मृत खातेदाराची वारसनोंद न होणे, ई-केवायसी किंवा शेतकरी ओळख क्रमांक नसणे, यांपैकी एका कारणानेही नाव मागे राहते.

सर्वाधिक फटका कोणाला?

बटईने शेती करणाऱ्याला. बियाणे, खत आणि मजुरीत त्याचा पैसा जातो, पण करार बहुतेक तोंडी असतो. यादी सातबाऱ्यावरून होत असल्याने मदत जमीनमालकाच्या खात्यात जाते. त्यातला वाटा द्यायचा की नाही, हे मालकाच्या मर्जीवर उरते. पॅकेजमध्ये दर, मर्यादा आणि निकष आहेत; पण ज्याचे पीक वाहून गेले त्याचे नाव सातबाऱ्यावर नसेल, तर त्याच्यासाठी रकाना नाही.