आधी चोर की आधी डोळा?

गडहिंग्लजच्या काही विद्यार्थ्यांनी पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांवर माहितीपट काढला आहे. त्याची सुरुवात मी जुळवणीच्या वेळी पाहिली. अंधारात चोर, मग खांबावरचा कॅमेरा, मग ढोल! वाचकहो, माझा या क्रमालाच विरोध आहे. लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकाने सुमारे शंभर वर्षांपूर्वी दाखवून दिले, की एकच निर्विकार चेहरा अन्नाच्या थाळीशेजारी भुकेला आणि शवपेटीशेजारी शोकाकुल वाटतो. चोराशेजारी ठेवलेला कॅमेरा मग साक्षात रक्षणकर्ता वाटणारच. त्याच्याआधी बाजारात मिरचीचा ढीग मांडून बसलेली बाई ठेवा. डोळा तोच, पण आता प्रेक्षक विचारील, हिने कोणाचे काय केले?

पोरे म्हणतात, "सर, लोकांना चोरच आवडतो." आवडो बापडा! २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात, अगदी कोठडीतसुद्धा, कॅमेरे बसविण्याचा आदेश दिला. कारण कोठडीत होणारा छळ. म्हणजे पहारेकऱ्यावरही पहारा हवा, हे न्यायालयाला पटले. मग ठाण्याचे दार पहिल्याच मिनिटाला का नको? बाईचे चित्र पोरांनी घेतले आहे. दाराबद्दल आमचे भांडण चालू आहे, आणि ढोल तर ते सोडावयास तयारच नाहीत.