तालुक्यास जा, पण सातबारा राखा

शेतकरी व कारागीर बंधूंनो, मुलांच्या शिक्षणासाठीं तालुक्याच्या गांवीं बिऱ्हाड करण्यांत वावगें कांहीं नाहीं. पण तेथें भाडें, दूध, भाजी, जळण, साऱ्यास रोकड लागते. त्यासाठीं सगळें रान विकूं नका! 1948 च्या कुळकायद्याचें 63 वें कलम पश्चिम महाराष्ट्रांत लागू आहे; बिगरशेतकऱ्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवांचून कसण्यास जमीन विकत घेतां येत नाहीं. सातबाऱ्यावरचें नांव गेलें, कीं परतीची वाट अडली. 1919 सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊराव पाटलांनीं वसतिगृहें चालविलीं. बापाचें औत न मोडतां पोरें शिकलीं. म्हणून आधीं वसतिगृह पाहा. न मिळाल्यास एकानें तेथें राहावें, एकानें रान कसावें. शिक्षण हवेंच, पण जमीन घालवून कां?