सोयाबीनवर खटला, गाठीला जामीन

"स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईने सोयाबीनला हात लावू नये, त्यात इस्ट्रोजन असतं." हा मेसेज आमच्या नागपुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. खाली नुसते जोडलेले हात. एकानेही विचारलं नाही, काहून बाप्पा?

मी विचारतो. सोयाबीनमध्ये बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजन नसतं. आयसोफ्लेव्होन असतात, त्याच्यासारखी दिसणारी वनस्पतीतली द्रव्यं, पण असर फार कमजोर. मग भीती आली कुठून? उंदरांपासून. अंडाशय काढलेल्या, प्रतिकारशक्ती अधू असलेल्या उंदरांत माणसाच्या कॅन्सरच्या पेशी टोचल्या, त्यांना जेनिस्टीन चारलं, गाठी वाढल्या. प्रयोग खोटा नव्हता. पण उंदराचं शरीर हे द्रव्य आपल्यासारखं पचवत नाही, त्याच्या रक्तात ते कितीतरी जास्त मोकळं राहतं.

आता बायांचं बघू. शांघायमध्ये या कॅन्सरमधून वाचलेल्या ५,०४२ बायांचा पाठपुरावा झाला, २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. सर्वांत जास्त सोया खाणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा २९ टक्के कमी, आजार परतण्याचं ३२ टक्के कमी. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांतही नुकसान दिसलं नाही. यावरून सोयाबीन औषध आहे असं म्हणू नका, नाहीतर तो दुसरा मेसेज सुरू व्हायचा! आयसोफ्लेव्होनच्या गोळ्याही डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. मी बोलतोय ताटातल्या भाजीबद्दल.

आणि ते ताट कोणाचं? केमो चालू असलेल्या बाईला प्रथिनं लागतात. पनीर, मटण रोज कोणाला परवडतं? सोयाबीनच्या वडीत १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. तीच घरच्यांनी बंद करायची. इकडे विदर्भात आपलीच माणसं हे पीक काढतात, तेल निघतं, ढेप कोंबड्यांच्या खाद्यात जाते. कोंबडीला चालतं, बाईला नाही.

माझा खरा राग मात्र पुढचा आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने वीस वर्षं दीड लाखाहून जास्त बायांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींचे स्तन शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासले. ना मशीन, ना मोठा खर्च. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला, आणि पन्नाशीपुढच्या बायांत मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. (सगळ्या वयांचा एकत्र हिशोब एवढा पक्का नाही, हेही सांगतो.) २०२१ मध्ये हे छापून आलं. कोणत्या ग्रुपवर वाचलं तुम्ही? आपल्याकडे गाठ दुखत नाही म्हणून बाई गप्प, सांगायची लाज म्हणून गप्प, सोयाबीन तोडायचं आहे म्हणून गप्प. दवाखान्यात येते तेव्हा उशीर झालेला असतो.

तर मेसेज टाकणाऱ्या ताई-भाऊंनो, सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या बायांची ही तपासणी आहे. तुमच्या वस्तीतल्या आरोग्य केंद्रात ती कोणत्या वारी होते, माहीत आहे? उद्या जाऊन विचारा. होत नसेल तर का होत नाही, ते नगरसेवकाला विचारा. होत असेल तर तो वार ग्रुपवर टाका.