मॅट रंगाचा हात
ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कापूरबावडीपासून गायमुखपर्यंत हवेत धूळ असतेच, त्यात मेट्रोचं काम. गाडी रंगवणारा इथे आधी फरशीवर पाणी मारतो, मगच गन उचलतो. चकचकीत रंगात कण अडकला तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने घासून पॉलिश मारता येतं. मॅटमध्ये ती सोय नाही. क्लिअर कोटमधली बारीक सिलिका पृष्ठभाग किंचित खडबडीत ठेवते, त्यावर प्रकाश विखुरतो. घासलं की खडबडीतपणा जातो आणि नेमका तेवढाच भाग चमकू लागतो. म्हणून सगळी भिस्त हातावर. डबा तळापासून ढवळायचा, गनचं अंतर बदलू द्यायचं नाही, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवायचा. सगळ्यात अवघड काम थांबण्याचं: पहिल्या कोटाची ओली चमक पूर्ण उतरेपर्यंत दुसरा मारायचा नाही, नाहीतर ठिपके-पट्टे उमटतात. पावसाळ्यात, खाडीकडची हवा दमट असताना, हे थांबणं आणखी लांबतं. तेव्हा गाडीवाल्याने तगादा लावला की मला रंगाऱ्याचीच बाजू घ्यावीशी वाटते. एका ओरखड्यासाठीही त्याला अख्खा दरवाजा पुन्हा मारावा लागतो.